उसनी हवा

डबा चेपायला किती जोर लागतो
ते आधी पायानं मोजलं.
सरळ उभा डबा माझं अख्खं वजन पेलतो,
अडुसष्ट किलो, चपलेसकट.
कुशीत अंगठ्यानं नुसतं टोचलं
की मुकाट खाली बसतो.
हे मी वहीत लिहिलं नाही.

तुर्भे स्टोअरला, खाणीकडच्या रस्त्यावर
गिरजा खंदारेचं भंगार.
पाम बीचच्या बारमधून, वाशीच्या हॉलमधून
पोत्यांनी डबे येतात,
तळाशी आंबूस घोट, त्यात एखादी मुंगी.
सत्तर डब्यांचं एक किलो,
आणि टेम्पोवाला भाडं घेतो ते आतल्या पोकळीचं.
"भाऊ, एक यंत्र करून द्या," म्हणाली,
"माझ्या टाचेनं राजीनामा दिलाय."

सांगाडा झाला. चॅनेल, दोन रॉड, खाली जाड पाटा,
सगळं तिच्याच ढिगातलं.
राहिलं एवढंच, की ढकलणार कोण?

आधी लांब दांडा लावला.
फुकटचा, बिघडायला त्यात काही नाही.
चाळिसाव्या डब्याला माझा खांदा
रात्रपाळीतल्यासारखा बोलायला लागला.
गिरजा बघत होती. दांडा मीच काढला.

मग वॉशिंग मशीनची मोटर,
कोपरखैरण्याच्या एका सोसायटीतून, दोनशे रुपये.
तिला जोर नव्हता, नुसती घाई.
गिअरबॉक्स जोडला तसा जोर आला,
आणि थांबायचं ती विसरली.
मी डाव्या हाताकडे पाहिलं,
साडेचार बोटं, रबाळे, प्रेस शॉप, पहाटेचे चार,
आणि प्लग काढला.
तशीही वीज कुठली?
डोक्यावरून जाड तारा जातात,
दमट दिवशी त्यांची गुणगुण ऐकू येते,
खाली दुकानात एक बल्ब, तोही घरमालकाच्या मीटरवर,
आणि युनिटचा भाव त्याच्या मूडवर.

ट्रकच्या वायपरची मोटर बघितली.
बॅटरी म्हणजे घरात अजून एक तोंड.
हायड्रॉलिक जॅक बघितला.
दहा टनांचा, चाल गोगलगायीची.
मुंगीवर मुसळ.

तीन आठवडे गेले.
गिरजा विचारायची नाही,
फक्त टाच मिठाच्या पाण्यात सोडून
माझ्यासमोर बसायची.

शेजारी कुंजुमोनचं पंक्चरचं दुकान.
त्याचा कॉम्प्रेसर फटफटत भरतो,
आठ किलोवर थांबतो,
मग पुढचा टायर येईपर्यंत गप्प.
रोज ऐकत होतो. त्या दिवशी गप्प झालेला ऐकला.
टाकीवर पितळी पट्टी. पुसली.
ज्या कंपनीनं माझं अर्धं बोट ठेवून घेतलं
तिचंच नाव. तिथं आता गोदाम आहे.
ही टाकी माझ्या हाताखालून गेली असेल,
नसेलही.

म्हटलं, दोन टायरांच्या मध्ये
तुझी हवा नुसती बसून असते.
"बसू दे की," तो म्हणाला, "हवाच आहे."
एका ट्यूबला ठिगळ लावून झालं.
मग मान वर न करता,
"पाइप किती मीटर?"

अकरा मीटर.
त्रेसष्टचा सिलिंडर, जुन्या बाजारातला, सील नवे.
सहा किलो दाबाला एकशे ऐंशी किलो ढकलतो,
म्हणजे मी अडीच वेळा, तेही न दमता.
आणि दोन बटणं, हातभर अंतरावर,
दोन्ही हात गुंतल्याशिवाय हलायचं नाही.
यावर मात्र मी अडून बसलो.
गिरजा म्हणाली, मग चहा कोणत्या हातानं घेऊ?
म्हटलं, चहा नंतर.

कुंजुमोननं पैसे घेतले नाहीत.
तिच्याकडे आलेली रिम आधी त्यानं बघायची,
आणि टाकीच्या तळाचं पाणी रोज मी सोडायचं.
संध्याकाळी कॉक उघडतो,
तुर्भ्याची दिवसभराची दमट हवा
पेलाभर गंजकं पाणी होऊन पडते.

धप्प, फुस्स. धप्प, फुस्स.
मध्येच डंपर येऊन थांबतो,
काटा उतरतो चारावर,
पाटा अर्ध्यात अडकतो, डबा अर्धा चेपलेला.
गिरजा दोन्ही बटणांवर हात ठेवून उभी,
पलीकडे ओरडून सांगते,
"होऊ दे, होऊ दे, टायर आधी!"